खेळाची मजुरी : पळवणकर बाळूंची उमेदवारी



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि कायद्याची कलमे यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी खेळावर बोलणार आहे. पण मी माझे दुकान बदललेले नाही. विषय मजुरीचाच आहे. फक्त मजूर जिनिंगमधला किंवा खाणीतला नसून मैदानावरचा आहे. जो माणूस खेळून पोट भरतो, त्याची पहिली वर्षे कशी जातात, त्या वर्षांत त्याच्याकडून कोण काय घेतो आणि त्याला काय देतो, एवढाच माझा प्रश्न आहे. हा प्रश्न मी एका माणसाच्या चरित्रातून मांडणार आहे. त्यांचे नाव पळवणकर बाळू.

प्रथम आपल्या मनातली एक गाठ सोडवू. पैसे घेऊन खेळणाऱ्याविषयी आपले मत दुटप्पी असते. जत्रेच्या फडात पहिलवानाने काट्याची कुस्ती मारली, तर त्याच्या फेट्याला नोट लावताना आपल्याला आनंद होतो. पण तोच पहिलवान आधी म्हणाला, 'मी येईन, पण अमुक इतके घेईन,' तर लगेच आपण म्हणतो, 'हा पैशासाठी खेळतो!' म्हणजे आपण आपल्या मर्जीने दिले तर ते इनाम, आणि त्याने आपल्या हक्काने मागितले तर तो लोभ! इनाम, आश्रय आणि वेतन हे तीन शब्द नीट वेगळे केले पाहिजेत. इनाम देणाऱ्याच्या खुशीवर असते. आश्रय देणाऱ्याच्या हयातीवर असतो; कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लांना खुराक दिला, तालमी सांभाळल्या, खासबागेचे मैदान बांधले, ते सर्व वंदनीयच आहे, पण प्रत्येक संस्थानाला शाहू महाराज लाभत नाहीत. वेतन मात्र कामावर असते. ते ठरलेले असते, आणि ठरलेले असते म्हणूनच ते मागताना मान खाली घालावी लागत नाही.

ही मान खाली घालावयास लावण्याची कला इंग्रजांनी मोठ्या शिस्तीने वाढवली. त्यांच्या क्रिकेटमध्ये दोन जाती होत्या. जो पैसे न घेता खेळे तो 'जंटलमन', म्हणजे सद्गृहस्थ. जो पैसे घेऊन खेळे तो नुसता 'प्लेअर', म्हणजे खेळाडू. धावफलकाच्या कागदावर सद्गृहस्थाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी छापीत आणि पगारी माणसाची मागून. मैदानात उतरण्याचे दरवाजे वेगळे, कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या. इंग्लंडच्या संघाचे कर्णधारपद पगारी खेळाडूकडे यावयास विसाव्या शतकात १९५२ साल उजाडले, तेव्हा लेन हटन कर्णधार झाले. हा भेद कागदावरून पुसला गेला तो १९६३ च्या हंगामापासून.

आणि त्या सद्गृहस्थपणाचे पोट किती मोठे होते ते पाहा. डॉक्टर डब्ल्यू. जी. ग्रेस हे इंग्लंडचे सर्वांत नामांकित क्रिकेटपटू. कागदोपत्री ते बिनपगारी सद्गृहस्थ. १८९१-९२ साली ते संघ घेऊन ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा त्यांना ३,००० पौंड मिळाले आणि खर्च निराळा. तरीही ते 'जंटलमन'च राहिले! म्हणजे भेद पैसे घेण्या-न घेण्याचा नव्हताच. भेद हा होता की वरच्याने घेतला तर तो खर्च, आणि खालच्याने घेतला तर ती मजुरी.

क्रिकेटने हा भेद पचवला. रग्बीचे मात्र त्यावरून दोन तुकडे झाले. रग्बी म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन, अंगावर येणाऱ्याला झुगारून पळण्याचा खेळ. आपल्या हुतुतूचा दम आणि कुस्तीची धडक एकत्र केली तर त्याची थोडी कल्पना येईल. उत्तर इंग्लंडमध्ये हा खेळ खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळत. शनिवारी सामना असला की त्यांची पाळी बुडे आणि त्या दिवसाची मजुरी जाई. त्यांच्या क्लबांनी मागितले ते काय? बुडालेल्या मजुरीची भरपाई, जास्तीत जास्त सहा शिलिंग. दक्षिणेतल्या धनवान मंडळींनी १८९३ साली ती मागणी फेटाळली, कारण खेळाला पैशाचा विटाळ होईल! शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावच्या एका हॉटेलात उत्तरेकडील वीसेक क्लबांचे प्रतिनिधी बसले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. त्यातूनच रग्बीचे 'लीग' आणि 'युनियन' असे दोन वेगळे खेळ झाले. गंमत अशी की 'युनियन' हे नाव मजुरी नाकारणाऱ्यांकडे राहिले, आणि युनियनचे काम दुसऱ्यांनी केले! त्या 'युनियन' रग्बीने खेळाडूला उघडपणे पगार देण्याची परवानगी दिली ती १९९५ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी.

आता याच वर्षांत आपल्या पुण्यात काय चालले होते ते पाहू. ग्रेस तीन हजार पौंडांच्या दौऱ्यावर होते, हडर्सफील्डचे कामगार सहा शिलिंगांसाठी भांडण्याच्या तयारीत होते, आणि पुण्याच्या एका क्लबात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा रोलर ओढत होता.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातल्या पळवणचे, म्हणून पळवणकर. समाज चर्मकार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. वडील फौजेच्या चाकरीत होते, त्यामुळे मुले पुण्याच्या छावणीच्या आसपास वाढली. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. त्यांची पहिली नोकरी पारशी मंडळींच्या क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये.

१८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. पगारात बढती झाली, महिना चार रुपये! दिवसाला दोन आण्यांहून किंचित अधिक. काम काय? रोलर ओढणे, खेळपट्टी आखणे, सरावाच्या जाळ्या उभारणे, टेनिस कोर्टावर पांढऱ्या रेषा मारणे. एका गोऱ्या सभासदाने या पोराला जाळीत चेंडू टाकावयास सांगितले आणि तिथे सर्वांना कळले की या डाव्या हातात काही निराळेच आहे. संथ गतीचा, टप्प्यावर पडून वळणारा चेंडू, आणि तो मनाला येईल तिथे टाकण्याची हुकमत.

त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे नामी फलंदाज होते. इंग्लंडात ते हॅम्पशायरकडूनही खेळले. हे ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर एकट्याने सराव करीत. असे सांगतात की आपल्याला बाद केले की दर वेळी ते बाळूंना आठ आणे देत. ही गोष्ट दंतकथाही असेल. पण आम्ही चळवळीतली माणसे दंतकथेचाही हिशेब मांडतो! आठ वेळा आठ आणे म्हणजे चार रुपये. म्हणजे ग्रेगसाहेबांना आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटला. याचा अर्थ काय झाला? रोलर ओढण्याला पगार होता, गोलंदाजीला मात्र बक्षिसी. ज्या कामासाठी पुढे साऱ्या हिंदुस्थानात त्यांचे नाव व्हायचे होते, ते काम पगारपत्रकात कुठेच नव्हते. तासन् तास चेंडू टाकून या मुलाने ग्रेगना मोठा फलंदाज केले आणि त्याच घामात स्वतःलाही मोठा गोलंदाज केले. पण क्लबाच्या वहीत तो होता मैदानावरचा गडी.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. इतकी वर्षे त्या जाळीत घालवूनही फलंदाजीची संधी त्यांना तिथे मिळाली नाही. गोलंदाजी ही मेहनत, म्हणून ती गड्याची. फलंदाजी हा थाट, म्हणून तो साहेबाचा. आमच्या जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत उभा राहणारा वेगळा आणि गाठीवर मार्का मारून भाव सांगणारा वेगळा, त्यातलाच हा प्रकार. कामाची वाटणी करताना मान कुणाकडे जाणार हे आधीच ठरवलेले असते.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांच्या क्लबाला हरवावयाचे होते, आणि त्यासाठी बाळू हवे होते. पण घ्यावे कसे? सभासदांत खल सुरू झाला. काही ब्राह्मण सभासद कचरत होते, तेलुगू सभासद मात्र घ्या म्हणत होते. अखेर स्वतः ग्रेग बोलले की या माणसाला बाहेर ठेवणारे हिंदू मूर्ख ठरतील. बाळू संघात आले. मैदानात सर्वांचा चेंडू एक. बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षकाने झेलावा, त्याने तो दुसऱ्याकडे द्यावा, तिथून तो पुन्हा बाळूंच्या हाती यावा. तेवढ्यापुरता कुणालाच विटाळ नाही. पण चहाची सुट्टी झाली की सवर्ण खेळाडू पॅव्हिलियनमध्ये कपबशीतून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या फेकून देण्याच्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी. तोंड धुवावयाचे तर पाणी घालणारा माणूसही अस्पृश्यच हवा.

बंधुभगिनींनो, मला या चरित्रातली सर्वांत बोलकी गोष्ट कोणती वाटते, तर ती ही. हात हवा होता, माणूस नको होता. मालकाला नेहमी हात हवे असतात. कामगाराचे दुर्दैव असे की हाताबरोबर पोट येते, आजारपण येते, आणि मानही येते. संघटनेचे सारे काम एका वाक्यात सांगावयाचे तर एवढेच, की ज्याला हात पाहिजे त्याने सगळा माणूस घेतला पाहिजे.

बाळूंच्या गोलंदाजीवर हिंदू क्लबाने पुण्याच्या गोऱ्यांना नमवले. मग साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी सामना ठरला. बाळूंची फिरकी बोथट करावी म्हणून तिथल्या मंडळींनी म्हणे आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला. त्यांना एक गोष्ट सुचली नाही. ज्याने आयुष्यभर रोलर ओढला, त्याला रोलरखालच्या जमिनीची जात ठाऊक असणारच! बाळूंनी तिथेही बळी घेतले आणि सामना जिंकून दिला. त्यानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या मंडळींना सुनावले की ज्याच्यासोबत खेळता त्याच्या पंक्तीला बसावयास का कचरता. टिळकांनीही बाळूंचा जाहीर गौरव केला. चहाच्या मातीच्या भांड्याने जे सभ्य गृहस्थांना शिकवले नव्हते, ते बळींच्या संख्येने थोडेसे शिकवले. थोडेसेच म्हणतो, कारण इतक्या मोठ्या माणसाला मान मिळावयास आधी सामने जिंकावे लागले. ज्याला सामने जिंकता येत नाहीत, त्या साध्या गड्याचे काय?

१८९६ नंतर, प्लेगच्या दिवसांत, बाळू मुंबईस आले. फौजेत काम केले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तिथेही काही सभासदांनी नाक मुरडले, पण ते मोडून काढण्यात आले. पुढे रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळले. हा बदल लहान दिसतो, पण तसा तो नाही. पुण्यात ते गडी होते आणि सवडीने गोलंदाज होते. आता ते गोलंदाज होते आणि त्याखातर त्यांचे पोट भरण्याची काही व्यवस्था झाली होती. उमेदवारी तिथे संपली.

उमेदवारी संपल्यावर जे झाले ते मी थोडक्यात सांगतो, कारण ते पुस्तकांत सापडते. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कर्णधारपदाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १९ धावांच्याही आत. कर्णधार मात्र त्यांना कधीच केले नाही. तो मान १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला, आणि तोही वाद व बहिष्काराच्या वाटेने. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना, म्हणजे स्वतंत्र मजूर पक्षाला, १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. हा इतिहास लपवण्याचे कारण नाही. माणसाची राजकीय बाजू एक असते आणि त्याच्या मेहनतीचा मोल दुसरा असतो. बाळू १९५५ साली वारले.

कुणी म्हणेल, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट, तिचा आज केळापूर तालुक्याशी काय संबंध? संबंध जवळचा आहे. आपल्या वणीच्या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत, तशाच नागपूरजवळ खापरखेड्याच्या बाजूला वलनीची खाण. तिथल्या एका खाणकामगाराचा मुलगा पोलीस भरतीच्या परीक्षेला बसला आणि नापास झाला. घरची आशा एवढीच, की पोराला सरकारी नोकरी लागावी. या मुलाने २००७ पर्यंत कातडी चेंडू हातात धरला नव्हता. टेनिसच्या चेंडूवर खेळायचा. कोणत्याही क्लबाकडून खेळलेला नाही म्हणून कॉलेजच्या संघाने घेतले नाही. मग तो विदर्भ जिमखान्याकडून खेळू लागला. विदर्भाचे कर्णधार प्रीतम गंधे यांनी त्याची गती ओळखली. नोव्हेंबर २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी करंडकात खेळला, २०१० साली भारताच्या एकदिवसीय संघात आला, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला कसोटी खेळला. उमेश यादव. २०२३ पर्यंत ५७ कसोटी सामने, १७० बळी. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोचलेला हा पहिला खेळाडू.

बाळू आणि उमेश यांच्यात काय फरक पडला? पुष्कळ. चार रुपयांच्या जागी आज रणजी सामन्याच्या एका दिवसाला नवख्या खेळाडूलाही ४०,००० रुपये मिळतात. २००८ पासून आयपीएल, २०१४ पासून प्रो कबड्डी, २०२३ पासून मुलींचीही लीग. खेडोपाडीच्या पोरापोरींना खेळून जगता येते, हे आता स्वप्न राहिलेले नाही. याचा मला आनंद आहे. पैशाने खेळ नासतो हे मत मला मान्य नाही. चोरून दिलेल्या पैशाने खेळ नासतो. उघड दिलेल्या, लिहून दिलेल्या पैशाने तो उभा राहतो.

पण एक गोष्ट बदललेली नाही. उमेदवारीची वर्षे आजही खेळाडू स्वतःच्या खिशातून काढतो. लिलावात ज्याच्या नावावर हातोडी पडली तो वर्तमानपत्रात दिसतो. त्याच्यामागे किती जणांनी पहाटे धावून, उसन्या बुटांवर, गुडघा दुखावून घेऊन परत शेताची वाट धरली, ते कुणी मोजत नाही. रणजीचे चाळीस हजार हे संघात असेल त्यालाच. पायाचे हाड मोडले की पोरगा घरच्यांच्या अंगावर. खेळाचे आयुष्य तीस-पस्तीस वर्षांच्या वयापर्यंत. त्यानंतरची पस्तीस वर्षे कशी काढावयाची?

इथे परदेशाचा एक दाखला उपयोगी पडेल. फ्रान्समध्ये रग्बीचा पगारी खेळ जोरात आहे. तिथल्या व्यावसायिक क्लबांत अठरा-वीस वर्षांचा मुलगा दाखल झाला की क्लबाच्या प्रशिक्षण केंद्राशी त्याचा लेखी करार होतो, आणि खेळाबरोबर त्याच्या शिक्षणाची सोय हाही त्या कराराचा भाग असतो. शिवाय १९९८ साली तिथल्या रग्बी खेळाडूंनी 'प्रोव्हाल' नावाची स्वतःची संघटना काढली. क्लबांच्या मालकांशी पगार, विश्रांती, दुखापत यांवर ती संघटना बोलते; सामूहिक करार करते. म्हणजे १८९५ साली हडर्सफील्डला जी गोष्ट सहा शिलिंगांपासून सुरू झाली, ती अशी पुढे गेली. आपल्याकडे २०१९ साली क्रिकेटपटूंची एक अधिकृत संघटना झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची. मैदानात उभे असलेल्याने बोलावयाचे कुणामार्फत? निवृत्तीनंतर संघटना म्हणजे पाळी संपल्यावर भोंगा.

म्हणून माझे सांगणे तिघांना आहे. आईबापांना सांगतो, की पोरगे खेळाच्या मागे लागले तर त्याला उनाड म्हणू नका, पण त्याची शाळा सुटू देऊ नका. गावोगावच्या मंडळांना सांगतो, की स्पर्धा भरवता तेव्हा चषकाची उंची कमी करा आणि त्या पैशात खेळाडूंचा प्रवासखर्च, जेवण आणि दुखापतीचा विमा करा. पाहुण्याला शाल आणि खेळाडूला केळे, हा हिशेब बरा नव्हे! आणि तरुण खेळाडूंना सांगतो, की कुणी क्लबवाला किंवा दलाल तुम्हाला घ्यावयास आला, तर आधी विचारा : किती देणार, केव्हा देणार, पडलो तर काय करणार? आणि हे सर्व कागदावर घ्या. असे विचारणे हा उद्धटपणा नाही. ज्याला स्वतःच्या घामाचा भाव विचारता येत नाही, त्याचा भाव दुसरा कुणीतरी ठरवतो. आणि एकट्याने विचारले तर हाकलून देतात, म्हणून दहा जणांनी मिळून विचारा.

बाळूंना असे विचारावयास कुणी सोबती नव्हता. सोळा वर्षांचे वय, चार रुपये पगार, हातात रोलरचा दांडा, आणि पॅव्हिलियनच्या पायरीखाली मातीचे भांडे. तरी त्या माणसाने चेंडूचा टप्पा चुकू दिला नाही. त्यांचे पुतळे उभारावेत की नाही हे शहाण्यांनी ठरवावे. मी एवढेच म्हणेन की आपल्या तालुक्यातल्या मैदानावर जो पोरगा उद्या चुन्याची फक्की ओढताना दिसेल, त्याच्या हाती एकदा चेंडू देऊन पाहावा, आणि चहा येईल तेव्हा त्यालाही आपल्यासारख्याच कपात द्यावा.